संगणकाच्या सक्तीच्या अपग्रेडला वेसण कशी घालावी

२०१६ सालच्या मे महिन्यात विंडोज ७ आणि विंडोज ८.१ वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या पडद्यावर एक चौकट येऊ लागली. तुमचा संगणक अमुक दिवशी अमुक वाजता विंडोज १० वर नेला जाईल, असे तिच्यात लिहिलेले असे. नको असलेली चौकट घालवण्यासाठी आपण सगळे जे करतो तेच लोकांनी केले, म्हणजे कोपऱ्यातली लाल फुली दाबली. वर्षानुवर्षे त्या फुलीचा अर्थ ‘नको’ असा होता. या चौकटीपुरता मात्र मायक्रोसॉफ्टने तो ‘ठरल्या वेळी होऊ द्या’ असा धरला होता, त्यामुळे चौकट निघून गेली तरी अपग्रेडची वेळ कायम राहिली आणि अनेकांना सकाळी संगणक सुरू केल्यावर समोर अनोळखी पडदा दिसला. त्या काळातील अशाच एका अपग्रेडनंतर आपला कामाचा संगणक धड चालेनासा झाल्याची तक्रार कॅलिफोर्नियातील एका प्रवास व्यावसायिक महिलेने न्यायालयात नेली आणि कंपनीला १०,००० डॉलर मोजावे लागले.

फुलीचा तो प्रकार नंतर मागे घेण्यात आला, पण वापरणाऱ्यांची मूळ तक्रार तिथेच आहे. पडदाभर येणारी सूचना, ‘आत्ता करा’ हे ठळक बटण आणि ‘सध्या नको’ हे कोपऱ्यातले बारीक अक्षर, ही मांडणी आजही ओळखीची आहे. या त्राग्यातून लोक दोन टोकांना जातात. काही जण हात टेकून जे येईल ते लावून घेतात, तर काही जण चिडून अपडेट ही गोष्टच कायमची बंद करण्याच्या मागे लागतात. दोन्हींत नुकसान आहे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे आणि अख्खे बिऱ्हाड दुसऱ्या घरात हलवणे ही जशी दोन वेगळी कामे आहेत, तशीच सुरक्षेची मासिक दुरुस्ती आणि आवृत्तीबदल हीही वेगळी कामे आहेत. पहिले टाळू नये आणि दुसरे आपण ठरवल्याखेरीज होऊ देऊ नये. ते कसे साधायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे. भर विंडोजवर आहे, कारण हा जाच मुख्यत्वे तिथलाच आहे.

पहिली पायरी: समोर नेमके काय आले आहे ते ओळखा

विंडोज ज्या सगळ्या गोष्टींना सरसकट ‘अपडेट’ म्हणते, त्यांत निदान चार प्रकार मिसळलेले असतात.

पहिला प्रकार सुरक्षा अपडेटचा. हे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र उलटत आलेली असते, त्यामुळे आपल्याला ते प्रत्यक्षात बुधवारी भेटतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो आणि जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरण्याची मासिक मुदत ११ तारखेची असते. करसल्लागारांच्या कार्यालयांत ‘नेमका आजच कसा रीस्टार्ट मागतो’ हा वैताग दर महिन्याला का ऐकू येतो, याचे एक साधे कारण हे आहे.

दुसरा प्रकार महिन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या ‘प्रिव्ह्यू’ अपडेटचा. पुढच्या महिन्यात येणारे बदल त्यात आधी चाखायला दिलेले असतात. ते ऐच्छिक असतात आणि कामाच्या संगणकावर ते लावण्याचे काहीही कारण नाही.

तिसरा प्रकार फीचर अपडेटचा, म्हणजे त्याच विंडोजची नवी वार्षिक आवृत्ती. २३एच२, २४एच२, २५एच२ अशी नावे त्यांना असतात; पहिले दोन आकडे वर्षाचे आणि ‘एच२’ म्हणजे वर्षाचा दुसरा अर्धा भाग. चौथा प्रकार विंडोज १० वरून ११ वर जाण्याचा, म्हणजे खरेखुरे बिऱ्हाड हलवण्याचा. यांशिवाय प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजशी जोडून देणारे छोटे कार्यक्रम, अधूनमधून येतात ते वेगळेच.

आपल्याकडे काय आहे ते पाहण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकदम दाबावी, येणाऱ्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘विनव्हर’ (winver) असे टंकून एंटर द्यावे. आवृत्तीचे नाव समोर येईल. ते कागदावर लिहून ठेवावे, पुढे चौथ्या पायरीत लागणार आहे.

पहिला प्रकार का टाळू नये, हे सांगायला २०१७ सालची उदाहरणे पुरेशी आहेत. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे रोजी जगभर पसरला. ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजवणारा अपडेट त्याआधी जवळजवळ दोन महिने, १४ मार्चला, प्रसिद्ध झालेला होता. जूनच्या अखेरीस नॉटपेट्याचा हल्ला झाला. त्याने पसरण्यासाठी इतर युक्त्यांबरोबर तेच छिद्र वापरले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. अपडेट बंदच करून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या मित्राला ही तारखांची जोडी जरूर ऐकवावी.

दुसरी पायरी: काहीही बदलण्यापूर्वीची तयारी

बहुतेक मार्गदर्शक लेख या पायरीवर दोन वाक्ये खर्च करून पुढे जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण अपग्रेडनंतर होणारे बरेचसे हाल तयारी नसल्यामुळे वाढतात.

सुरुवात फायलींपासून करावी. विंडोज १० चा ऑक्टोबर २०१८ मधील १८०९ हा अपडेट काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधील फायली पुसत असल्याचे उघड झाले आणि त्याचे वाटप थांबवावे लागले. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती त्यांची संध्याकाळ वाया गेली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची वर्षे गेली. म्हणून महत्त्वाच्या फायली एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. नेहमी जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे, कारण खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. शक्य असल्यास क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी, म्हणजे वेळ पडल्यास संगणक आहे तसा परत उभा करता येतो. प्रत घेतल्यावर त्यातल्या दोनचार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत घेतल्याचे समाधान मी एकदा अनुभवले आहे.

त्यानंतर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधील सोयीची, किल्ली. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या संगणकात, डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मोठ्या अपडेटनंतर किंवा बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदलल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते आणि ती नसेल तर फायली मिळत नाहीत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसत असेल, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन ती किल्ली पाहावी आणि कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. ती त्याच लॅपटॉपमधील फाइलमध्ये ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर आपल्या कामाची जी हत्यारे नव्या आवृत्तीत चालतील की नाही याची खात्री नाही, त्यांची यादी करावी. मराठी मुलखात ही यादी काही बाबतींत खास आपली असते. गावोगावच्या छपाईच्या दुकानांत आजही पेजमेकर ७ हा पानांच्या मांडणीचा जुना कार्यक्रम आणि युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट यांवर लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल तयार होतात. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे. त्या काळातील काही टंकन प्रणाली यूएसबी किंवा समांतर पोर्टला लावायच्या डोंगलवर, म्हणजे परवान्याची खूण असलेल्या छोट्या उपकरणावर, चालतात आणि डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजने स्वीकारला नाही, तर पैसे मोजून घेतलेली प्रणाली उघडतच नाही. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटचे आहे. ज्यांचे विंडोज १० अजून ३२ बिटचे आहे त्यांना ११ वर जाण्यासाठी सर्व काही नव्याने टाकावे लागते आणि १६ बिटचे फार जुने कार्यक्रम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणाची आरडी सर्व्हिस, सनदी लेखापालांनी डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि दुकानदारांनी बिलाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहे की नाही, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधी पाहावे, तो उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि मगच पुढे जावे.

एक गोष्ट विजेची. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली, तर यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपचे काय होते ते सांगायला नको. ज्या गावात वीज भरवशाची नाही तिथे रात्री ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबून झोपायला जाणे हा सोयीचा दिसणारा पण धोक्याचा मार्ग आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, दिवसाउजेडी हे काम करावे.

तिसरी पायरी: वेळ आपल्या ताब्यात घ्या

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून डाव्या बाजूच्या ‘विंडोज अपडेट’वर जावे. विंडोज १० मध्ये हेच पान ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या विभागात आहे. विंडोज ११ मध्ये तिथे ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल’ असे एक बटण असते. ते बंद असू द्यावे. चालू असल्यास आपण नव्या बदलांच्या रांगेत स्वखुशीने पुढे जाऊन उभे राहतो.

मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जावे. तिथले ‘गेट मी अप टू डेट’ बंद करावे, कारण ते संगणक लवकरात लवकर रीस्टार्ट करण्याची परवानगी देते. ‘नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड’ मात्र चालू करावे. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ म्हणजे ज्या वेळेत संगणक आपणहून रीस्टार्ट होणार नाही ती वेळ. विंडोज ती आपल्या सवयीवरून ठरवते आणि ज्यांच्या कामाला ठरावीक वेळ नाही त्यांच्या बाबतीत चुकीची ठरवते. म्हणून तिथे ‘मॅन्युअली’ निवडून जास्तीत जास्त मिळणारे १८ तास घ्यावेत, उदाहरणार्थ सकाळी सात ते रात्री एक. उरलेल्या सहा तासांत संगणक चालू ठेवून झोपायचे असेल, तर उघड्या फायली जतन करून बंद कराव्यात.

परीक्षा, विवरणपत्राची मुदत, निवडणुकीचे काम, लग्नसराई असा एखादा काळ सांभाळायचा असेल तेव्हा ‘पॉज अपडेट्स’ हे बटण कामाचे आहे. विंडोज ११ मध्ये एक ते पाच आठवडे आणि विंडोज १० मध्ये ३५ दिवसांपर्यंत सर्व काही थांबवता येते. मुदत संपली की आधी साचलेले अपडेट घ्यावे लागतात, त्यानंतरच पुन्हा थांबवता येते. माझी स्वतःची रीत अशी आहे की दुसऱ्या मंगळवारपूर्वी एक आठवड्याचा विराम लावायचा, त्या आठवड्यात कुणाचे काय बिघडले याच्या बातम्या येतात का ते पाहायचे आणि नंतरच्या शनिवारी दुपारी स्वतः बटण दाबून अपडेट घ्यायचे. एवढ्या उशिराने सुरक्षेत फारसा फरक पडत नाही आणि दुसऱ्यांच्या ठेचेवर आपले भागते. मात्र एखाद्या छिद्राचा गैरफायदा आधीच घेतला जात असल्याचे जाहीर झाले असेल, तर वाट पाहू नये.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन त्या जोडणीच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. फीचर अपडेट काही जीबींचा असतो आणि दिवसाच्या डेटाचा फडशा पाडायला तेवढे पुरते. तरीही काही अत्यावश्यक गोष्टी उतरवल्या जाऊ शकतात, त्यामुळे या उपायाकडे कुलूप म्हणून न पाहता आडकाठी म्हणून पाहावे. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या पानावर आपला संगणक उतरवलेले अपडेट इंटरनेटवरील इतरांना पुरवतो आहे का, तेही पाहून बंद करावे.

यूट्यूबवर हमखास सापडणारा एक उपाय मुद्दाम नोंदवतो, तो म्हणजे ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ ही सेवा ‘डिसेबल’ करण्याचा. तो टिकत नाही, कारण अपडेटची यंत्रणा कुणी बंद पाडली तर ती पूर्ववत करण्यासाठी विंडोजमध्ये ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’ नावाची वेगळी सेवाच बसवलेली आहे. आणि टिकला तर अधिक वाईट, कारण मग सुरक्षेची दुरुस्तीही थांबते. अपडेट रोखून देतो म्हणणारे अनोळखी कार्यक्रम उतरवणे तर त्याहून घातक आहे.

चौथी पायरी: आवृत्ती खिळवून ठेवा

या लेखातला सर्वांत उपयोगी उपाय हाच आहे आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो. ‘मला याच आवृत्तीवर ठेव, पण तिचे सुरक्षा अपडेट देत राहा’ असे विंडोजला सांगण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच कार्यालयांसाठी करून ठेवलेली आहे.

तुमच्याकडे ‘प्रो’ आवृत्ती असेल, तर स्टार्टमध्ये ‘ग्रुप पॉलिसी’ शोधून ‘एडिट ग्रुप पॉलिसी’ उघडावे. ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, मग ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कॉम्पोनंट्स’, ‘विंडोज अपडेट’ अशा क्रमाने आत जावे. विंडोज १० मध्ये पुढे ‘विंडोज अपडेट फॉर बिझनेस’ आणि विंडोज ११ मध्ये ‘मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट’ हा कप्पा असतो. त्यात ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ ही नोंद उघडून ‘एनेबल्ड’ करावी. पहिल्या रकान्यात ‘विंडोज १०’ किंवा ‘विंडोज ११’ आणि दुसऱ्या रकान्यात पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली आवृत्ती, उदाहरणार्थ ‘२२एच२’, टाकावी. दोन्ही गोष्टी अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या आहेत. ‘ओके’ करून संगणक एकदा रीस्टार्ट करावा.

‘विंडोज अपडेट’मध्येच ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ अशीही एक नोंद आहे. चांगला चाललेला प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्ड दर वेळी नव्या ड्रायव्हरने बिघडत असेल, तर ती ‘एनेबल्ड’ करावी.

‘होम’ आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक नसतो. तिथे सुरक्षा तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी लिहिलेले ‘इनकंट्रोल’ हे छोटे मोफत साधन वापरता येते. हेच गृहस्थ २०१६ च्या गोंधळात ‘नेव्हर१०’ हे साधन देऊन गेले होते. इनकंट्रोल संगणकात प्रस्थापित करावे लागत नाही. ते उघडले की सध्याची आवृत्ती दिसते. ‘टेक कंट्रोल’ दाबले की वर सांगितलेलीच नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, केली जाते आणि पुढे मन बदलल्यास त्याच खिडकीतून ती काढता येते. मात्र ही धोरणे मायक्रोसॉफ्टने होम आवृत्तीसाठी अधिकृतपणे देऊ केलेली नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. साधन केवळ लेखकाच्या ‘जीआरसी’ या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

खिळवलेली आवृत्ती कायमची खिळत नाही. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिने सुरक्षा अपडेट मिळतात. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. नोंद केलेल्या आवृत्तीची मुदत उलटून ६० दिवस झाले की धोरणाला न जुमानता संगणक पुढच्या आवृत्तीवर नेला जाऊ शकतो. म्हणजे आपण सुमारे दोन वर्षांची उसंत मिळवतो. त्या उसंतीत आपल्या सोयीची एखादी सुटी शोधून आवृत्तीबदल उरकून घ्यायचा असतो. २४एच२ वरून २५एच२ वर जाणे तर अगदी हलके काम आहे, कारण नव्या आवृत्तीतील बराचसा भाग मासिक अपडेटमधून आधीच आलेला असतो आणि एका छोट्या अपडेटने तो केवळ चालू केला जातो.

पाचवी पायरी: विंडोज १० वरच थांबायचे असल्यास

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यानंतरही सुरू राहतो, पण छिद्रे बुजवली जात नाहीत. ११ वर जाण्यासाठी ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर किंवा एएमडीचा त्याच सुमाराचा रायझन, टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा यंत्रणा), सिक्युअर बूट (सुरू होणारी प्रणाली अस्सल आहे का हे तपासण्याची सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन आपला संगणक पात्र आहे की नाही ते सांगते. ते ‘टीपीएम नाही’ म्हणाले तर लगेच निराश होऊ नये. पुष्कळ असेंबल्ड संगणकांत ते बायॉसमध्ये केवळ बंद असते आणि इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ व एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. याउलट, ११ ची सूचना येऊ नये म्हणून चालू टीपीएम बंद करण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती करू नये, कारण बिटलॉकर आणि पिन दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

थांबायचे ठरले तर ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ योजनेत नाव नोंदवावे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आवृत्ती २२एच२ असावी लागते. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ हा दुवा दिसतो. त्यात तीन वाटा आहेत: संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवू देणे, १,००० रिवॉर्ड्स गुण देणे, किंवा ३० डॉलर अथवा तेवढ्या मोलाचे स्थानिक चलन भरणे. मायक्रोसॉफ्टचे खाते मात्र तिन्हींत लागते. ज्यांनी ते खाते नको म्हणून इतकी वर्षे नेटाने स्थानिक खाते वापरले, त्यांना इथे नमते घ्यावे लागते आणि त्यांची चिडचिड मला रास्त वाटते. जर्मनी, नेदरलँड्स अशा युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना सेटिंग्ज न साठवता आणि पैसे न भरता ही सोय मिळते. ब्रिटन त्या क्षेत्रात येत नाही.

यासोबत चौथ्या पायरीतील नोंद ‘विंडोज १०’ आणि ‘२२एच२’ अशी करून ठेवावी. ११ ची सूचना पडदाभर आली, तर ‘गेट इट’सारखी मोठी बटणे सोडून ‘कीप विंडोज १०’ किंवा ‘डिक्लाइन’ अशा अर्थाचा दुवा शोधावा आणि अपडेटच्या पानावर ‘स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ’ निवडावे. संगणक घरातील ज्येष्ठ मंडळी वापरत असतील, तर त्यांना रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते करून द्यावे आणि अशा पडद्याचे चित्र एकदा दाखवून ठेवावे. फोनवरून ‘आई, खाली डावीकडे बारीक अक्षरात काही दिसतं का बघ’ असे सांगत बसण्यापेक्षा ते बरे.

सहावी पायरी: अपग्रेड होऊनच गेले असेल, तर

पहिल्यांदा तारीख पाहावी. मोठ्या अपग्रेडनंतर परत फिरण्यासाठी फक्त १० दिवस मिळतात. या काळात जुनी प्रणाली सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये असते. जागा कमी पडते म्हणून तो फोल्डर पुसू नये, डिस्क क्लीनअप चालवू नये आणि ‘स्टोरेज सेन्स’ तात्पुरते बंद ठेवावे. मुदतीच्या आत ‘डिस्म’ या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. जाणकार हाताशी असेल तर हे पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

परतीचा मार्ग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’ असा आहे आणि तिथे ‘गो बॅक’ हे बटण आहे. ते दाबण्यापूर्वी अपग्रेडनंतर तयार केलेल्या फायली आणि नव्याने टाकलेले कार्यक्रम यांची नोंद घ्यावी, नवीन वापरकर्ता खाते उघडले असल्यास ते काढावे आणि जुन्या विंडोजचा पासवर्ड आठवतो आहे याची खात्री करावी. कारण विचारणाऱ्या पडद्यावर काहीही निवडले तरी चालते. ‘त्याआधी अपडेट तपासून पाहा’ या सूचनेला नकार द्यावा. बटण फिके दिसत असेल, तर बहुधा दहा दिवस उलटलेले असतात किंवा जुना फोल्डर गेलेला असतो. २५एच२ सारखा छोट्या अपडेटने आलेला बदल मात्र ‘अपडेट हिस्टरी’मधील ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून काढावा लागतो.

संगणक सुरूच होत नसेल, तर विंडोजचे चिन्ह दिसू लागताच पॉवरचे बटण दाबून तो बंद करावा. असे लागोपाठ तीन वेळा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असे गेल्यावर शेवटचा मासिक अपडेट किंवा शेवटचा फीचर अपडेट काढण्याचे पर्याय मिळतात. याच वेळी ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो.

परत आल्यावर पहिले काम म्हणजे ‘पॉज’ लावणे आणि लगोलग चौथी पायरी पूर्ण करणे. ते राहिले, तर तोच अपग्रेड काही दिवसांत पुन्हा दारात उभा असतो.

सातवी पायरी: नव्या आवृत्तीत राहायचे ठरवल्यास

अपग्रेडनंतर ‘तुमच्या संगणकाची जुळवणी पूर्ण करू या’ अशा आशयाचे पडदे येतात. ते भराभर ‘नेक्स्ट’ म्हणून ओलांडले, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलवले जाण्याची शक्यता असते. त्याची मोफत जागा ५ जीबी आहे. ती भरली की ‘जागा विकत घ्या’ अशा सूचना सुरू होतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ उघडून कोणते फोल्डर गेले ते पाहावे, नको असल्यास बंद करावेत आणि फायली मूळ जागी आणाव्यात. हे पडदे पुन्हा येऊ नयेत म्हणून ‘सिस्टीम’, ‘नोटिफिकेशन्स’ या पानाच्या तळाशी असलेल्या ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मधील सर्व खुणा काढाव्यात.

मग मराठी टंकन तपासावे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीसाठी फोनेटिक कळफलक अंगभूत मिळतो, इनस्क्रिप्ट तर पूर्वीपासूनच आहे. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा आणि आपला नेहमीचा कळफलक जागेवर आहे का ते पाहावे, नको असलेले कळफलक वाढलेले दिसले तर काढून टाकावेत. जुन्या फॉन्टमधील एखादी फाइल उघडून छापून पाहावी, डिजिटल सहीचे टोकन लावून पाहावे, प्रिंटरवर एक पान काढावे. हे सगळे दहा दिवसांच्या आत करावे, म्हणजे काही अडल्यास परतीची वाट उघडी असते.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर आवृत्तीबदल सहसा लादला जात नाही, पण आठवणी येत राहतात. ‘सिस्टीम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘सॉफ्टवेअर अपडेट’ येथे ‘ऑटोमॅटिक अपडेट्स’शेजारच्या चिन्हावर टिचकी देऊन नवी आवृत्ती आपोआप बसवण्याचे बटण बंद ठेवावे आणि सुरक्षेशी संबंधित बटण चालू ठेवावे. ‘आज रात्री अपडेट करा’ अशा सूचनेला घाईत होकार देऊ नये.

विंडोज ११ साठी अपात्र ठरलेला, पण तब्येतीने ठणठणीत असा संगणक २०२६ नंतरही वापरायचा असेल, तर लिनक्स मिंट हा पर्याय गंभीरपणे पाहण्याजोगा आहे. त्याच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि ते कधी लावायचे हे वापरणारा ठरवतो. टॅली, पेजमेकर किंवा डिजिटल सही यांवर पोट असेल त्यांनी मात्र या वाटेला उडी मारून जाऊ नये. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंटची प्रत तयार करून संगणक त्यावरून सुरू करावा. डिस्कवर काहीही न बसवता ही प्रणाली तशीच चालते. त्या अवस्थेत वायफाय जोडावे, मराठीचा कळफलक निवडून दोन परिच्छेद टंकावेत, प्रिंटरवर एक पान छापावे, बँकेचे संकेतस्थळ उघडून पाहावे. यातले काही अडले तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. आतले विंडोज जसे होते तसेच असते.